शेवटचा भाग अजून पाहिलेला नाही

ताई,

हे पत्र वाचून तुम्हाला वाटेल, ३६ वर्षांचा बाप्या आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं दुःख करत बसलाय. तरी लिहितो.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं गॅरेज. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी बारावीत असताना त्यानं कुणाकडून तरी हार्ड डिस्कवर ‘टॉप गिअर’ आणलं, तीन इंग्रजांचा बीबीसीवरचा गाड्यांचा कार्यक्रम. इंग्रजी मला निम्मं कळायचं, दादाला त्याहून कमी. पण गाडी दोघांनाही कळायची. रात्री गॅरेज बंद केलं, केरोसिननं हात धुतले की आम्ही खाली सतरंजीवर बसून बघायचो. पुढे मी चाकणला नोकरीला लागलो, तरी नवीन भाग दादाशिवाय पाहायचा नाही हे ठरलेलं. गणपतीत, दिवाळीत घरी गेलो की सगळे साठवलेले भाग एका दमात. पुढे त्याच तिघांचं ‘ग्रँड टूर’ आलं, तेही तसंच.

वडील २०२३ च्या पावसाळ्यात गेले. वर्ष सरायच्या आत गाळ्याच्या वाटणीवरून आमचं बिनसलं. आईसमोर मी बोलू नये ते बोललो. तोही बोलला. तेव्हापासून फोन नाही, काही नाही. त्यानंतर आलेला मॉरिटानियाचा भाग मी एकट्यानं पाहिला, पण चव लागली नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये त्या तिघांचा ‘ग्रँड टूर’मधला शेवटचा भाग आला. झिंबाब्वेतून निघतात आणि बोत्स्वानातल्या कुबू बेटावर संपवतात, एवढं कानावर आलंय. मी पाहिलेला नाही. बटणापर्यंत बोट जातं आणि मागे येतं. पाहिला की संपलं. बायको म्हणते, “सख्ख्या भावाशी बोलत नाहीस आणि त्या तीन गोऱ्यांसाठी डोळ्यांत पाणी काढतोस.” चुकतंय का माझं? दादानं पाहिला असेल का, तेही माहीत नाही.

— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

*

तुमचं चुकत नाही. आणि मी हसलेही नाही. माझ्या मुलामुळे हा कार्यक्रम आमच्या घरात आला, आणि मुलगा शिकायला बाहेर गेल्यावरही मी तो पाहत राहिले. गाड्यांतलं मला कळतं असं नाही. पण रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीभोवती उभ्या असलेल्या तीन माणसांचं मला बरंच कळत होतं.

आधी तुमच्या त्या बोटाबद्दल बोलते, बटणापर्यंत जाऊन मागे येणाऱ्या. त्याला कारण आहे. हा कार्यक्रम याआधीही संपला होता, एकदा नाही, अनेकदा. बीबीसीनं १९७७ मध्ये ‘टॉप गिअर’ बर्मिंगहॅमहून, फक्त त्या प्रदेशापुरता सुरू केला. २००१ मध्ये बंद केला. लोकांनी निरोप घेतला आणि २००२ मध्ये तो नव्या रूपात परत आला, इंग्लंडमधल्या डन्सफोल्डच्या जुन्या विमानतळावर. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि २००३ पासून जेम्स मे, हे आपल्याला माहीत असलेलं त्रिकूट तिथलं. मग मार्च २०१५. क्लार्कसननं एका सहकाऱ्यावर हात उचलला, आणि बीबीसीनं त्याचा करार पुढे वाढवला नाही. पुन्हा संपलं. दोन वर्षांच्या आत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, तेच तिघे ॲमेझॉनवर ‘ग्रँड टूर’ घेऊन आले. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी तंबूतला, प्रेक्षकांसमोरचा भाग थांबवला. तेव्हा क्लार्कसनचा आवाज भरून आला होता, तुम्ही तो भाग दादांबरोबर पाहिला असेल. त्यानंतरही प्रवासाचे भाग येतच राहिले. तिकडे बीबीसीवरचं ‘टॉप गिअर’ वेगळ्या माणसांना घेऊन चालू होतं. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रीकरणात त्याचा एक सूत्रसंचालक, माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ वाईट जखमी झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीनं ते अनिश्चित काळासाठी थांबवल्याचं सांगितलं. त्याला निरोपाचा भागच मिळाला नाही.

इतक्या वेळा संपून उठलेल्या गोष्टीचा शेवट मन लगेच कबूल करत नाही. तुम्ही वीस वर्षं हेच शिकलात की थांबलं तर पुन्हा येतं. पण या वेळी कुणी काढून टाकलं नाही, अपघात झाला नाही. तिघांनी ठरवून थांबवलं आणि मिळून काढलेली कंपनीही बंद केली. क्लार्कसन ६४ वर्षांचा होता, मे ६१ चा. क्लार्कसननं तर स्पष्टच सांगितलं होतं की आवडत्या गाड्यांत बसायला-उठायला शरीर साथ देत नाही आणि विजेच्या गाड्यांत त्याचं मन रमत नाही. माणसांनी आपल्या हातानं, धडधाकट असताना काम खाली ठेवणं मला तरी फार देखणं वाटतं. आपल्याकडे फार थोड्यांना ते जमतं.

आणि तुम्ही एकटे आहात असं अजिबात समजू नका. २०१२ मध्ये गिनेसनं ‘टॉप गिअर’ हा जगात सर्वाधिक पाहिला जाणारा माहितीपर कार्यक्रम म्हणून नोंदवला होता. २१२ देश-प्रदेशांत तो दिसत होता. २०१५ मध्ये क्लार्कसनला परत घ्या म्हणून दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि त्या सह्यांचं निवेदन लंडनमध्ये बीबीसीच्या दारात चक्क रणगाड्यावरून नेऊन दिलं गेलं. त्या वर्षी २८ जूनला उरलेल्या चित्रीकरणाचा शेवटचा भाग लागला, तो आठवतो का? स्टुडिओत प्रेक्षक नाहीत. हॅमंड आणि मे, दोघंच. मध्ये एक भला मोठा खोटा हत्ती उभा केलेला. जे बोलायचं नाही तेच खोलीभर पसरलंय, हे दाखवायला. तुमच्या पत्रातल्या घराचं वर्णन वाचताना मला तो हत्ती आठवला.

त्या सह्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, तेही सांगते. बीबीसीनं केलं ते बरोबर होतं. कामावरच्या माणसावर हात उचलल्यावर तो कितीही लाडका असो, त्याला तिथं राहता येत नाही. आणि २०११ च्या डिसेंबरमधला भारताचा भाग? मुंबईच्या डबेवाल्यांशी त्यांनी लावलेली डबे पोचवायची शर्यत मी आवडीनं पाहिली, आपली माणसं आणि आपली लोकल दिसली म्हणून. पण त्याच भागात जग्वारच्या मागच्या बाजूला संडास बसवून, ‘भारतात लागेल’ म्हणून मिरवलं, तेव्हा मला संताप आला होता. भारतीय उच्चायुक्तालयानं बीबीसीकडे तक्रार केली, ती योग्यच होती. तरी २०२४ मध्ये शेवटचा भाग पाहताना मी रडले. राग खरा होता आणि माया पण खरी होती. दोन्ही माझ्याच जवळ होतं, एकानं दुसऱ्याला हाकललं नाही.

हे तुम्हाला का सांगतेय, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आता मूळ गोष्ट. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. कार्यक्रमाबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय (इथे ते मी बरंच कमी करून छापलंय, राग मानू नका, टोयोटाच्या हायलक्स या पिकअप गाडीचं अख्खं पान गेलं). भांडणाबद्दल मात्र चार वाक्यं. आणि शेवटी जाता जाता, “दादानं पाहिला असेल का, तेही माहीत नाही.” मला वाटतं पत्र तुम्ही या एका वाक्यासाठी लिहिलंय.

तुम्ही आणि दादा समोरासमोर बसून कधी बोललात? मी अंदाज करते: फारसं नाही. तुम्ही शेजारी-शेजारी बसलात. गाडीखाली एकानं बॅटरी धरली, दुसऱ्यानं पाना फिरवला. रात्री सतरंजीवर दोघांची तोंडं पडद्याकडे. बोलणं झालं ते कार्बोरेटरबद्दल, क्लच प्लेटबद्दल, क्लार्कसननं केलेल्या मूर्खपणाबद्दल. त्यातूनच तुम्हाला कळायचं की दादा आज खूश आहे, आज वडील त्याला बोललेत, आज त्याचं मन कशात नाही. आपल्याकडच्या कितीतरी बापलेकांचं, भावाभावांचं नातं असंच, मध्ये काहीतरी ठेवलेलं असेल तरच चालतं. ते कमी प्रतीचं नातं नव्हे. पण मधली वस्तू उचलली की दोघांना हात कुठे ठेवायचे कळत नाही.

तुमच्या दोघांमधून दीड वर्षात तीन वस्तू गेल्या. वडील गेले. गॅरेज होतं ते वाटणीचा ‘गाळा’ झालं. आणि मग हा कार्यक्रम. पहिल्या दोन गोष्टींसाठी तुम्हाला रडायला वेळ मिळाला नसेल. भांडण मध्ये आलं. तिसरीसाठी पाणी आलं. तुमच्या पत्नीला सांगा, ते पाणी एकट्या त्या तीन गोऱ्यांसाठी नाही. पण त्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे, तेही मान्य करा.

गंमत अशी की पडद्यावरचे तिघेही अगदी तुमच्यासारखेच. त्यांनी अनेकदा सांगितलंय की काम नसेल तेव्हा ते एकमेकांकडे फारसे जात-येत नाहीत. त्यांची दोस्ती बंद पडलेल्या गाडीभोवतीची. २००७ चा बोत्स्वानाचा भाग तुम्ही बारावीत पाहिलात म्हणता, तोच घ्या. प्रत्येकानं पंधराशे पाउंडांच्या आत जुनी गाडी घ्यायची, तीही डांबरी रस्त्यासाठी बनलेली, आणि झिंबाब्वेच्या हद्दीपासून नामिबियाच्या हद्दीपर्यंत अख्खा देश ओलांडायचा. ज्याची गाडी मेली त्यानं पुढचा प्रवास सोबत नेलेल्या फोक्सवॅगन बीटलमधून करायचा. क्लार्कसनची लान्चिया, मेची मर्सिडीज आणि हॅमंडची १९६३ ची ओपेल काडेट. माकगाडिकगाडीचं मिठाचं मैदान आलं. वर पापुद्र्यासारखी खारट पपडी, खाली चिखल. वजन कमी करायला क्लार्कसन आणि मेनं आपल्या गाड्यांची दारं, काचा, जे निघेल ते काढून टाकलं. हॅमंडनं त्या छोट्या ओपेलचं नाव ऑलिव्हर ठेवलं, तिला एक ओरखडा येऊ देईना, पुढे नदीच्या पाण्यात बुडाली तर रात्रभर खपून तिला परत चालू केली आणि शेवटी इंग्लंडला घेऊन गेला. तुमच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये असं एखादं गिऱ्हाईक नक्की येत असणार, भंगारात जायच्या गाडीला नावानं हाक मारणारं.

आणि ती हायलक्स. मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही लिहिलंय की दादांनी तो भाग तीनदा लावला होता. समुद्राच्या भरतीत बुडवली, आग लावली, पाडायच्या उंच इमारतीच्या डोक्यावर ठेवून इमारत खाली आणली. मेकॅनिकला अट एकच: साधी हत्यारं वापरायची, सुटे भाग मिळणार नाहीत. आणि ती चालू झाली. तुम्ही लिहिलंय, दादा म्हणाला होता, “इंजिन जाम झालेलं नाही तोवर गाडी मेली म्हणू नये.” हे वाक्य तुम्ही अठरा वर्षं लक्षात ठेवलंत.

कुबू बेट म्हणजे त्याच मिठाच्या मैदानातला ग्रॅनाइटचा उंचवटा, वर गोरखचिंचेची जुनी, बुंध्यानं पिंपासारखी फुगलेली झाडं. आजूबाजूला क्षितिजापर्यंत काही नाही. २००७ मध्ये ते तिथे पोचले होते आणि १७ वर्षांनी संपवायला तिथेच गेले. या वेळी क्लार्कसनकडे लान्चिया मोंतेकार्लो, हॅमंडकडे फोर्ड काप्री, मेकडे ट्रायम्फ स्टॅग. तिन्ही त्यांना आयुष्यभर हव्या होत्या अशा जुन्या गाड्या. तिथे पोचल्यावर काय होतं ते मी सांगणार नाही. ते तुम्ही दादांबरोबर पाहायचं आहे.

माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, माझ्या दोन काकांचं विहिरीच्या पाळीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. घरं एका भिंतीला. धाकट्या काकांचा रेडिओ बिघडला होता आणि त्यांनी तो दुरुस्त केलाच नाही. कसोटी सामना असला की मोठे काका आपला रेडिओ खिडकीत आणून ठेवायचे आणि आवाज वाढवायचे. धाकटे काका पलीकडे ओट्यावर येऊन बसायचे. सामना संपला की दोघं आत. आम्हा मुलांना वाटायचं, आज बोलतील. मोठे काका गेले तेव्हा धाकट्यांनी तो रेडिओ मागून घेतला. माझ्या आजीनं विचारलं, “एकदा तरी ‘स्कोअर काय झाला’ म्हणून विचारलं असतंस तर?” ते म्हणाले, “ऐकू येत होतं की.” मला आजही ते आठवलं की घशात अडकतं. विचारायला एवढी सोपी गोष्ट हाताशी होती, आणि ती अकरा वर्षं तशीच राहिली.

तुमच्याकडेही एक सोपी गोष्ट आहे. दादांना एक मेसेज करा. “दादा, शेवटचा भाग पाहिलास का? मी थांबलोय.” एवढाच. माफीही त्यात घालू नका, गाळ्याचं नावही नको, ‘झालं गेलं’ वगैरेही नको. लांब मेसेज केला की माणूस त्यात चुका शोधतो, आणि दादांचा स्वभाव तुम्ही लिहिलाय त्यावरून ते लांबलचक मेसेजला उत्तर देणाऱ्यांतले वाटत नाहीत. फोन करायचा धीर असेल तर फोन उत्तम. गॅरेजच्या वेळात मात्र करू नका, गिऱ्हाईक समोर असताना त्यांना बोलता येणार नाही.

आईसमोर जे बोललात त्याची माफी वेगळी आणि ती आधी आईंची मागा. दादांची प्रत्यक्ष भेटीत. मेसेजवर नाही.

गाळ्याचा प्रश्न या सगळ्यात मिसळू नका, दोन्ही बाजूंनी. दादांचा आवाज ऐकून मन भरून येईल आणि तुम्ही म्हणाल, जाऊ दे, सगळं तुझंच. भावनेच्या भरात हक्कसोडपत्रावर सही करू नका. दोन वर्षांनी मुलांची शाळा, घराचा हप्ता समोर आला की तीच सही आत सलायला लागते आणि मग पुन्हा तेच. दोघांना मान्य असलेला नात्यातला एक मोठा माणूस आणि एक वकील घेऊन, वडिलांचे कागद समोर ठेवून, दिवसा, चहा पिऊन बसा. तिथे कडक बोललात तरी चालेल. गाळ्याचं त्या टेबलावर, सतरंजीवर गाळा आणायचा नाही.

दादांनी उत्तर दिलं नाही तर? असं होऊ शकतं. पंधरा दिवस थांबा, एकदा आईंकडून खुशाली कळवा, पुन्हा मेसेज करू नका. मग एखाद्या शनिवारी रात्री तो भाग पाहा, पत्नीला शेजारी बसवून. तिला हायलक्सची गोष्ट सांगा, सतरंजीची सांगा. तो दादांशी दगा नाही. तुम्ही विचारलंत, वाट पाहिलीत. आणि दार उघडं ठेवायला तो भाग न पाहणं हा एकच मार्ग आहे असं मनात धरू नका. बेरिंग पेटीतून न काढता ठेवलं म्हणून ते कायम नवं राहत नाही, ग्रीस वाळतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि दादांनी आधीच पाहिला असेल, तुमच्याशिवाय, तर मनाला लावून घेऊ नका. त्यांनाही चव लागली नसेल. विचारा, कसा वाटला, आणि सांगायला लागले की थांबवा. म्हणा, सांगू नकोस, मी येतोय, पुन्हा एकदा बघ माझ्याबरोबर. साधारण दोन तासांचा आहे. जेवणं उरकून बसा. आईंनाही बोलवा, तुम्ही दोघं जमिनीवर बसून ते बघायचात तेव्हा त्या स्वयंपाकघरातून ऐकत असणार.